राहीकाकींचे नाक

विटा
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५
सकाळी ६ वाजून १० मिनिटे

तीर्थरूप शालन आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पोल्ट्रीमागचा ढीग खालीवर करून, हातपाय धुऊन आत्ताच बसलो आहे. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ओढ्यापलीकडच्या राहीकाकींनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. वारा फिरला की आमच्या कोंबडखताचा वास त्यांच्या चुलीपर्यंत जातो. आमचे शेड ठेवायचे की बंद करायचे, ते एक मेच्या ग्रामसभेत ठरणार. आबा म्हणतात, खत कुणालाही फुकट देऊन टाक. पण पुढच्या बॅचचे पुन्हा साठणारच. म्हणून मी त्यात उसाचे पाचट मिसळून, पाणी मारून कुजवले आहे. बागेसाठी पाच-पाच किलोच्या पिशव्या करून विकल्या, तर ढीग राहणारच नाही. आज पंचावन्न दिवस झाले. आत खुपसलेली सळई गार निघते, म्हणजे कुजणे पुरे झाले. वास अजिबात नाही. मी तीन वेळा नाक लावून पाहिले.

पहिली पिशवी साताऱ्याच्या एसटीने पाठवली आहे. तुमच्या मोगऱ्याला घालून पाहा. जमले तर भिशीतल्या बायकांना सांगा. चुकले तर फक्त मला सांगा.

मामांना नमस्कार. लोभ आहे, तो कमी होऊ देऊ नये.

आपला भाचा,
जयराज


सातारा
२७ फेब्रुवारी २०२५

चि. जयराज यास अनेक आशीर्वाद.

चुकले तर फक्त तुला सांगायचे होते, पण तुझ्या खताने आख्ख्या गल्लीला सांगितले. मोगऱ्याला पाणी घातले मात्र, असा झणका उठला की माझ्या डोळ्यांतून पाणी. तीस वर्षे सैन्यात काढलेले तुझे मामा माझ्या हातात रुमाल देऊन गच्चीवर निघून गेले. पाने कडेकडेने करपत गेली आणि आठ दिवसांत नुसत्या काड्या उरल्या. तुझ्या आजीने लग्नानंतर विट्याहून दिलेल्या फांदीचे ते झाड. रागावले नाही असे लिहिणार नाही. खत खरवडून काढले, तीन दिवस बुडात पाणी सोडले आणि झाड छाटले आहे. बघू.

पण बाळा, एक सांग. पिशवी सोडताच मला वास आला होता. मला वाटले, खत म्हटल्यावर यायचाच. तुला कसा आला नाही?

वहिनीला सांग, गुडघ्याला तेल लावत जा. तू जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी आत्या,
शालन


विटा
गुरुवार, दि. ६ मार्च २०२५
दुपारी ३ वाजून २० मिनिटे

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

राहीकाकींच्या घरून येऊन लिहीत आहे.

तुमचे पत्र पाच वेळा वाचले. उरलेले खत ओले करून आईपुढे धरले, आबांपुढे धरले. दोघांनाही वास नाही. खाद्याचा टेम्पो घेऊन आलेला ड्रायव्हर मात्र चार पावले मागे सरला. तेव्हा समजले. वास गेलाच नव्हता. दहा वर्षे शेडमध्ये राहून आमच्या नाकांना तो कळेनासा झाला आहे. सळई गार निघाली, ती ढीग मध्येच सुकला म्हणून. पुन्हा पाणी मारले तर दोन दिवसांत सळई हातात धरवेना.

आता सळईबरोबर नाकही हवे. माझे खत खात्रीने ओळखणारे नाक गावात एकच. दोन दिवस ओढ्यापर्यंत जाऊन परत आलो. आज मूठभर ओले खत कागदात घेऊन गेलो आणि दर गुरुवारी हुंगून सांगाल का, असे विचारले. काकी ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "धा वरसं न इचारता वास दिलास. आता इचारून देतोस व्हय रं?"

मग हुंगले. ह्या ढिगाबरोबर मलाही पुरायला पाहिजे म्हणाल्या. पण पुढच्या गुरुवारी ये, असेही म्हणाल्या.

मोगऱ्याचे कळवावे. झोप लागत नाही.

आपला,
जयराज


सातारा
२० एप्रिल २०२५

चि. जयराज यास आशीर्वाद.

मोगऱ्याच्या बुडातून दोन फुटवे आले आहेत. मोहरीएवढे, पण हिरवे. मामा रोज चष्मा लावून मोजतात, जणू तिसरा फुटायचा राहिलाय. आता नीट झोप.

दुसरी पिशवी पाठव, पण त्या बाईंनी पास केलेलीच. भिशीत मी अजून काही बोललेले नाही. गल्लीला सगळे ठाऊकच आहे.

तुझी आत्या,
शालन


विटा
गुरुवार, दि. १ मे २०२५
दुपारी १२ वाजून ४० मिनिटे

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ग्रामसभेतून आलो, चपला काढायच्या आधी लिहायला बसलो.

सतरा एप्रिलला काकींनी सातवा नमुना हुंगला. उठून कढीपत्त्याच्या बुडात टाकला आणि कागद मला परत दिला. तेव्हापासून मी रोज लांबून त्यांचा कढीपत्ता बघत होतो. तो चांगला आहे.

आज सरपंचांनी त्यांचा अर्ज वाचला आणि वासाचे विचारले. काकी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ह्या ढिगाला वास न्हाई. म्या सोता हुंगलाय. पर अर्ज मागं घेत न्हाई. म्होरच्या ढिगाला लागंल."

सगळे हसले. शेड राहिले. पंधरा ऑगस्टच्या सभेत पुन्हा पाहणार. बाहेर पडताना काकींनी मला अडवून, गुरुवार चुकवू नकोस म्हणून बजावले.

पास झालेली पिशवी उद्याच्या पहिल्या गाडीने येईल. पाणी घालताना मामांना खाली थांबायला हरकत नाही.

आपल्या मायेचा,
जयराज

ता. क. आजपर्यंतचा हिशोब:
पिशव्या आणि सुतळी, रु. ३१०
एसटीने दोन पिशव्या (उद्याची धरून), रु. १२०
एकूण खर्च, रु. ४३०
विक्री, अजून नाही
देणे: राहीकाकी, रु. ० (विचारल्यावर ओरडल्या)
देणे: आत्या, एक मोगरा. फुटवे आले असले तरी पहिले फूल येईपर्यंत हे खोडणार नाही.