मापांच्या वहीतली उत्तरं

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. (त्यातले निम्मे आशीर्वाद कान पिळण्यासाठी राखून ठेवले आहेत. दीड महिना पत्र नाही!)

आईच्या छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले, अंथरुणातून उठू देऊ नका. ती आणि ऐकणार! परवा मी बाजारात गेले, तर ही बया उठून माझं शिलाई मशीन पुसत बसली होती. तिला आता अक्षर दिसत नाही. तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. शाळेच्या गणवेशाचे एकशेवीस शर्ट अंगावर आहेत, कॉलरी जोडून मान मोडून आली.

एक सांगते, हसू नकोस. शेजारच्या नर्सबाईंनी मला प्रार्थनेची रीत शिकवली. आपण देवाकडे मागत सुटतो, त्याला बोलूच देत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सकाळी मशीन सुरू करण्याआधी मी अर्धा तास बसते. आधी मनातलं सगळं सांगायचं, मग गप्प राहायचं आणि आत जे उमटेल ते लिहून ठेवायचं. हाताशी मापांची वही असते, तिच्यातच लिहिते. माझं म्हणणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतंय, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

तुला बोलवावं का, तेही विचारलं. त्याला त्रास देऊ नकोस, असं उत्तर आलं. तेव्हा निश्चिंत राहा.

लोभ आहे तेवढा ठेव, वाढला तर पत्राने कळव.
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. कान पिळून झाले असतील तर पुढे वाच.

आमच्या कारखान्यातलं कागदाचं मोठं मशीन दुरुस्तीसाठी बंद आहे. बेअरिंग खराब आहे का हे बघायला आम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवतो आणि मूठ कानाशी धरतो. नवा माणूस मूठ इतकी दाबून धरतो, की त्याला स्वतःच्याच कानातली धडधड ऐकू येते, आणि तो चांगलं बेअरिंग काढायला लावतो. पहिल्या वर्षी मी असली दोन काढायला लावली. तुझी चेष्टा करत नाही, ताई. देव बोलत असेलही. पण ऐकू आलं ते कुणाचं, हे एकदा तपासून घे.

साहेबांशी बोललो. या महिन्यात कधीही चार दिवस सुटी देतो म्हणाले. येऊ का, हे आईला विचार. देवाला नंतर विचारलंस तरी चालेल.

लोभ पूर्वीचाच, कमी झालेला नाही.
धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

आई बहुतेक झोपून असते, फार बोलत नाही. तू आलास की ती केस विंचरून घेते, उशीला टेकून बसते, खदखदून हसते. तू गेलास की दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडते. मग तिला वळवायचं, पुसायचं, दोन घास भरवायचे, हे सगळं माझ्याकडे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

तीन दिवस सकाळी बसून देवाला विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, आता नको. माझा त्याच्यावर भरवसा आहे, तूही ठेव. बोलवायची वेळ आली की तो सांगेलच.

लोभ असेलच, म्हणून मागत नाही.
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तार मिळाली तसा निघालो, तरी आई गेल्यावरच पोचलो. चार माणसांत विचारवलं नाही, म्हणून आता लिहितो. निघताना नर्सबाई बसपर्यंत आल्या होत्या. आई शेवटचे पंधरा दिवस माझी वाट बघत होती, आणि मुलाला सुटी देत नाहीत म्हणून कारखान्याला शिव्या घालत होती, असं त्यांनी सांगितलं. मला सुटी मिळत होती, ताई. तसं मी तुला लिहिलं होतं.

तू स्वयंपाकघरात असताना मी ती वही चाळली. गळा पंधरा, बाही तेवीस, आणि खाली, धाकट्याला आता नको. सगळी पानं वाचली. तुझ्या देवाने तुझ्या मनाविरुद्ध एक अवाक्षर काढलेलं नाही. इतका आज्ञाधारक देव मी पाहिला नाही.

आईला काय सांगितलं होतंस, ते लिही.
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद घेशील की नाही माहीत नाही, तरी लिहिते.

तुझं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवत होते. सुटीच्या ओळीशी आले आणि तोंडातून निघालं, सुटी मिळत नाही. येऊ का, ते गाळलं, बाकी सगळं जसंच्या तसं वाचलं. तिने ते पत्र मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. नंतर तीन वेळा म्हणाली, त्याला बोलाव. मी तिन्ही वेळा सांगितलं, लिहिलंय. लिहिलं नव्हतं.

अकरा वर्षं मी तिचं केलं, आणि ती उजळायची ती तुझ्या नावाने. शेवटचे दिवस तरी ती माझी असावी असं वाटलं. हे स्वतःशी कबूल करायची लाज वाटली, म्हणून देवाच्या तोंडी घातलं. नर्सबाईंची रीत खोटी नव्हती, बसणारी खोटी होती.

तू गेल्यावर आठ दिवस बसलेच नाही. मग वही न घेता बसले. एकच गोष्ट आली, त्याला सांग. मी हुज्जत घातली, रडले, दुसरं काहीही सांग म्हटलं. रोज तेच. मला नको ते तो पहिल्यांदाच बोलला, म्हणून हा आवाज तरी देवाचाच असावा. मला क्षमा करशील का, हे मी त्याला विचारलेलं नाही. तुलाच विचारते.

लोभ मागायला तोंड नाही.
ताई

७ एप्रिल

ताईस,

क्षमा आज माझ्याकडे नाही. आहे म्हणून लिहिलं, तर तू आईला वाचून दाखवलंस तसंच ते होईल. सुटीचं नुसतं निमित्त आहे, मला यायचंच नव्हतं, अशी शंका तिला एकदा तरी आली असेल. तिला आता कोण सांगणार?

एक काम कर. तिने तीन वेळा मला बोलाव म्हटलं, असं लिहितेस. तिन्ही वेळा ती नेमकं काय म्हणाली, माझं कुठलं नाव घेतलं, ते तिच्या शब्दांत लिहून पाठव. आठवत नसेल तिथे जागा कोरी सोड. त्यात तुझं काही घालू नकोस, आणि देवाचंही घालू नकोस.

धाकटा