गोळीआधीचे आठ दिवस

१३ नोव्हेंबर १९७२
दिवेलागणीला झुंबरबाई पुन्हा ओरडल्या! "आला गं, मला धराया आला—" कोण, ते सांगत नाहीत. माझ्या दंडात नखं रुतली. मुलगा-सून ऊसतोडीला गेले, म्हातारीला आमच्या वृद्धाश्रमात सोडून. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून शांत राहायची गोळी सुरू करा. माझ्या तोंडून निघून गेलं — आठ दिवस द्या, गोळीवाचून बघते. व्यवस्थापक आबासाहेब लगेच, "सिस्टर, ती पडली-झडली तर जबाबदारी तुमची."
मी हो म्हणाले. का म्हणाले? ही नोकरी गेली तर संगमनेरात मला कोण ठेवणार?

१४ नोव्हेंबर
ओरडल्या. कालच्यापेक्षा जास्त.

१६ नोव्हेंबर
आज मी जवळ गेले तशा त्या खाटेवरून खाली झेपावल्या. कशाबशा सावरल्या. कपाळ थोडक्यात वाचलं!
आमची आया गोजरबाई म्हणाली, "सिस्टर, तिला सांजचं दिसत न्हाई. आन् आपून मागनं जाऊन धरतो. भिनार न्हाई तर काय!"
चार वर्षं नर्स आहे मी. हे मला का दिसलं नाही?

१७ नोव्हेंबर
उजेड असतानाच कंदील लावला. समोरून गेले, आधी नावानं हाक मारली, मग हात धरला. गोजरबाईनं त्यांच्या हातात कापूस दिला. वाती वळायला डोळे लागत नाहीत. ओरडल्या, पण दोनदाच.

१९ नोव्हेंबर
खाट रिकामी! जीव उडाला. विहिरीपर्यंत धावले. बाई स्वयंपाकघरात बसलेल्या — गोजरबाईला खर्ड्याच्या किल्ल्याच्या गोष्टी सांगत! हसू आलं नाही मला.

२१ नोव्हेंबर
आठवा दिवस. तिन्हीसांज झाली, झुंबरबाई नुसत्या म्हणाल्या, "कोन? सिस्टर व्हय?" बस्स.
डॉक्टर खूश. म्हणाले, कोपऱ्यातल्या राहीबाईंचीही गोळी हळूहळू कमी करू. दीड वर्ष त्या गोळीवर आहेत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात, कुणाला त्रास नाही. त्यांना जाग आली तर काय होईल, कोण जाणे.

१२ डिसेंबर
राहीबाई आज उठून बसल्या. वेणी घालून घेतली. मग विचारलं, "सिस्टर, आमचा मच्छिंद्र का येईना झालाय?"
मच्छिंद्र, त्यांचा मुलगा, गेल्या पौषातच वारला. मीच सांगितलं होतं त्यांना. गोळीच्या गुंगीत नुसतं "बरं," म्हणाल्या होत्या.