वीस मिनिटं जास्तीचं पाणी

४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ. वि. वि.

चाळिशी उलटली तरी तुला टिल्लूच म्हणणार, रागावलास तर रागाव. इकडे सगळं ठीक. माझा तिसरीचा वर्ग नेहमीसारखा डोक्यावर बसलेला आहे.

पत्राचं कारण आई. तिच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, पण ती सांगायची नाही. शेजारणीच्या पत्रातून कळलं. वरच्या गल्लीचं पाणी तिच्या मजल्यावर चढायच्या आत बंद होतं, मग खालच्या नळावरून दोन बादल्या जिन्यानं वर न्यायच्या. त्या वेळी तू गावभर व्हॉल्व्ह उघडत हिंडत असतोस, हे कळतं मला. पण अख्ख्या गावाचं पाणी ज्याच्या हातात, त्याच्याच आईनं बादल्या वाहाव्यात हे बरं दिसतं का? वीस मिनिटं उशिरा बंद केलंस म्हणून टाकी काही कोरडी पडत नाही. मी आपलं सुचवलं.

जेवण वेळेवर कर. आशीर्वाद आहेतच, थोडी अक्कल येवो हा जास्तीचा.

तुझी ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हुकमाची अंमलबजावणी झाली. आईच्या स्वयंपाकघरात आता धो धो पाणी येतं. ती चादरी काय धुते, जिना काय धुते. परवा तर खिडक्यांच्या जाळ्या धुतल्या. तिनं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

एक छोटी कटकट आहे. टाकीतून एकेका गल्लीला पाळीनं पाणी सुटतं आणि शेवटच्या गल्लीची पाळी शेवटची. तिथे हल्ली धार बारीक येते अशी तक्रार आली. खरं कसं सांगणार? जुना पाइप गाळानं चोंदला असेल, खणून बघावं लागेल, असं म्हणून मी सुटका करून घेतली. आमच्या पाणीखात्याला खणायला वर्षभर तरी मुहूर्त लागत नाही. तोवर बघू.

लोभ आहेच, त्यात काटकसर नको.

तुझा टिल्लू

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठ दिवस पत्र लिहायला बसतो आणि उठतो. आता एका दमात लिहून टाकतो.

शेवटच्या गल्लीनं खात्याची वाट बघितली नाही. लोकांनी कुदळ-फावडी आणून स्वतःच रस्ता खणला. माझ्या शब्दावर, ताई. कामावरून दमून आलेली माणसं तीन संध्याकाळी कमरेइतका चर खणत होती आणि मी काठावर उभा राहून जागा दाखवत होतो. जोड सोडवून बघितला तर पाइप आतून स्वच्छ. मग मी म्हणालो, आणखी पुढे चोंदला असेल. इतकं सराईत खोटं मला बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी शिवणवाल्या मावशी त्या चरात पडल्या. आपले शाळेचे कपडे शिवायच्या त्याच. शेजारच्या गल्लीतून कळशी भरून आणत होत्या. उजवं मनगट मोडलं. हाड जुळेल, पण बारीक शिवण पुन्हा जमेल का ते डॉक्टर सांगत नाहीत. त्यांना दवाखान्यात मीच नेलं. एवढं दुखत असताना त्या म्हणत होत्या, आमच्यासाठी किती खटपट करतोस रे.

त्या दिवसापासून वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह वेळेवर बंद करतो. शेवटच्या गल्लीला पुन्हा पाणी आलं आणि त्याचंही श्रेय मलाच मिळालं. लोक हात जोडतात. त्या रस्त्यानं जायची लाज वाटते, तरी रोज जावं लागतं. खरं सांगितलं तर नोकरी जाईल. काय करू ते तू सांग.

टिल्लू

२७ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ. वि. वि.

आधी एक पत्र लिहून फाडलं. त्यात होतं, पाणी आलं ना, मग गप्प बस, नोकरी सांभाळ, मावशींना हवं-नको ते बघ. लिहिताना मोठं शहाणपणाचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात जलचक्र होतं. समुद्राच्या पाण्याची वाफ, वाफेचे ढग, ढगांचा पाऊस, पुन्हा समुद्र. फळ्यावर बाण काढले आणि दरवर्षीप्रमाणे सांगितलं, की पाणी कुठे नाहीसं होत नाही, नुसती जागा बदलतं. आईच्या नळाला धो धो आलं ते कुणाच्या तरी नळातून कमी झालं होतं, हे तिसरीतल्या कुठल्याही मुलाला कळलं असतं. बाईंना कळलं नव्हतं.

मावशींचा हात माझ्या पत्रानं मोडला, हे मी स्वतःला कितीही समजावलं तरी बदलत नाही. माझा सल्ला एकदा ऐकलास तेवढं पुरे. सांगायचं ठरवलंस तर माझं नाव गाळू नकोस, एवढंच.

ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. आधी कचेरीत. साहेबांनी लेखी घेतलं, व्हॉल्व्हची चावी काढून घेतली आणि निकाल लागेपर्यंत टाकीतला गाळ उपसायला लावलं. तिथे सांगणं सोपं गेलं.

मग आईला सगळं सांगून म्हणालो, मावशींकडे चाललोय. ती चपला घालून निघाली. उतारावर दोनदा थांबली, पण माझा हात धरला नाही.

तिथे चार शेजारीही होते. मी उभ्यानंच सांगितलं, तुझ्या पत्रासकट. ज्यानं सगळ्यात जास्त खणलं होतं तो सुतार उठून बाहेर गेला. तेव्हा आई बोलली. म्हणाली, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तीस वर्षं त्या घरात राहते, पाणी कधी जातं ते तिला घड्याळ न बघता कळतं. गुडघ्यांना आराम पडला म्हणून गप्प बसली. आईची मान एवढी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती.

मावशी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आईला एवढंच विचारलं, की तुम्हाला दिवसाला पाणी लागतं किती. आई म्हणाली, दोन बादल्या. त्यावर मावशी म्हणाल्या, मग सांगितलं का नाही? शिवलेले कपडे पोचवायला रोज सकाळी तुमच्या दारावरूनच जात होते, वर नेऊन ठेवल्या असत्या.



लोभ असावा असं शेवटी लिहायची पद्धत आहे. आज तो मागायचा धीर होत नाही.

टिल्लू