फायनलच्या सकाळचं गाऱ्हाणं

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता फक्त देवाला घालायच्या गाऱ्हाण्यातलाच आठवतो. बाकी बोलायचात काय, शिव्याच. चौथीपर्यंत शिकवलंत, तेवढ्यावर लिहितेय. चुका काढू नका, तुमची सही तरी कुठे सरळ यायची.

माझी नात फुटबॉल खेळते. मुलगा-सून ठाण्याला, ही कॉलेज जवळ म्हणून लालबागला माझ्याकडे. कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये गोलात उभी राहते, म्हणजे लोक लाथ मारतात तिथे ही तोंड घालते. गेल्या वर्षापर्यंत मला चिंता नव्हती. पहिल्याच मॅचला हरून जेवायला घरी यायची. यंदा कोल्हापूरची नवीन बाई कोच म्हणून आली. तिकडे म्हणे तालमी-तालमींच्या टीम असतात, फुटबॉलवरून सोयरिकी मोडतात. आल्या आल्या तिने सांगितलं, "नखं रंगवायची आसतील तर घरात बसा." पहाटे पळायला लावलं, वडापाव बंद केला, रडणारीला पाणी पाजून परत पळवलं. आणि मुली जिंकायला लागल्या. चाळीत पेढे वाटले. मी माझा पेढा शेजारच्या पोराला देऊन टाकायची. जिंकायची चटक लागलेला माणूस कसा कोणाचं ऐकेनासा होतो, ते मी घरातच बघितलंय.

तुम्ही गिरणीच्या कबड्डी टीमचे वस्ताद. सेमीफायनलला दादाच्या कानशिलावर गुडघा बसला, घरी येऊन तो ओकला. आई म्हणाली, ह्याला उद्या घरी ठेवा. तुम्ही म्हणालात, "बायकांनी चुलीकडे बघावं." सकाळी गॅलरीत नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलंत, पोरांका यश दी म्हाराजा, आणि सगळे ओरडले, व्हय म्हाराजा. दादाही ओरडला. यश आलं. गुलाल उधळत पोरं चाळीत शिरतायत आणि दादा जिन्यात बसलाय, डोकं भिंतीला टेकून. मला वाटतंय दमला. मी त्याला हलवते, परत हलवते. त्यानंतर तुम्ही कधी गाऱ्हाणं घातलं नाहीत, आणि ह्या विषयावर बोललाही नाहीत. आई तेवढं म्हणायची, यश मागितलं, सुखरूप म्हणायचं राहिलं. मागितलं तेवढंच देव देतो.

तर यंदाच्या सेमीफायनलनंतर पोरगी घरी आली ती भिंत धरून. मोरीत जाऊन ओकली, मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून. म्हातारी आहे, बहिरी नाही.

"काय गो?"

"ॲसिडिटी."

"ॲसिडिटीने कानामागे सूज येते काय?"

मग बोलली. कोणाचा तरी बूट लागलाय, चालतं एवढं. "आणि आजी, कोचला सांगितलंस तर आयुष्यात बोलणार नाही तुझ्याशी. फायनल आहे यार!" डॉक्टरकडे चल म्हटलं तर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मुलाला फोन केला तर म्हणतो, आई, तू प्रत्येक गोष्टीला घाबरतेस. हो, घाबरते. तिचा डोळा लागला की काहीतरी विचारून उठवत होते. मीठ कुठे ठेवलंस, आज वार कुठला. ती चिडायची. चिडली की मला जरा बरं वाटायचं. कोचला सांगायचं मनात होतं, पण एकटीला गाठून सांगितलं आणि तिनेही मला चुलीकडे पाठवलं तर?

सकाळी ती कोच अख्खी टीम घेऊन दारात उभी. आमच्यात गाऱ्हाणं घालतात हे पोरीनेच कधी सांगितलेलं.

"आजी, तुमच्यात ते काय घालत्यात ते घाला की आमच्या पोरींसाठी."

"ते पुरुषांनी घालायचं असतं."

"मग पुरुष हाय कुठं हितं?"

सगळ्या हसल्या. मी नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही लेकरां तुझ्या पायाशी उभी हत..."

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या नातीच्या डोक्यात लाथ बसली हा, ती काल घरी येऊन ओकली हा..."

"व्हय म्हाराजा!" आपण काय ओरडतोय ते पोरींना कळलंच नाही.

"आणि ह्यां तिना कोचपासून लपवून ठेवल्यान हा!"

ह्याला एक-दोघीच व्हय म्हणाल्या, त्याही अर्ध्यावर थांबल्या. कोच पोरीकडे वळली. "खरं हाय?"

"मॅडम, आता बरं आहे, मी खेळू—"

"बूट काढ."

एवढंच. पोरगी माझ्यावर ओरडली, "चुगली पण देवाकडे केलीस?" कोच मला म्हणाली, "टॅक्सी करा आजी, आणि डॉक्टरला उलटीचं पयलं सांगा." आणि बाकीच्यांना घेऊन जिना उतरली. आईला तुमच्याकडून हे एकदा ऐकायला मिळायला हवं होतं.

परळच्या हॉस्पिटलात डोक्याचा फोटो काढला. रक्त दिसत नाही, पण लक्ष ठेवा, खेळणं बंद, म्हणाले. तिथेच बाकावर असताना फोन आला, टीम हरली. पोरगी हुंदके द्यायला लागली आणि मी तोंड फिरवून हात जोडले. काहीतरी घ्यायचंच होतं त्याला, तर कप घेतलान, असं वाटलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ताट आपटते, दार आपटते. आपटू दे.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहून टाकते. गाऱ्हाणं माझं अर्धंच राहिलं. हिच्या जागी गोलात एक बारकी पोरगी उभी राहिली, दारात सगळ्यांच्या मागे होती ती. तिच्यासाठी मी काहीच मागितलं नाही, सुखरूपसुद्धा नाही. ती घरी नीट पोचली काय, ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही, बाबा.