ह्यांच्या नावाचं पार्सल

७ ऑक्टोबर

पार्सल आलं. ह्यांच्या नावाचं!

मांजरसुंब्यात सगळी पार्सलं रामप्रसादच वाटतो. केस पिकलेला, शांत माणूस. दारातूनच ओरडला, "विश्वेश्वर अप्पा, पार्सल हाय!" मी बाहेर आले तशी जीभ चावली. "माफ करा काकू. सेल चालू हाय. पार्सलं इतकी की डोकं ठिकाणावर राहत न्हाई."

ह्यांना जाऊन महिनाही झाला नाही. दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्याच गेले. आणि आता हे.

पैसे द्यायचे होते, दिले. म्हणजे जायच्या आधी काहीतरी मागवलं होतं. माझ्यासाठी? मला तर एका शब्दानं बोलले नाहीत!

फोडलं नाही. उशाशी ठेवलंय.

८ ऑक्टोबर

आजही नाही फोडलं.

१० ऑक्टोबर

फोडलं. साडी निघाली. पोपटी, चकचकीत, पदराजवळ चांगली वीतभर फाटलेली.

लग्नापासून माझ्यासाठी एक साडी स्वतःहून आणली नव्हती. मी निवडायची, हे मान हलवायचे. रंगातलं काही कळायचंच नाही. हे मोबाइलवर बघून घेतलं असणार. फाटलेलं कुठून दिसणार तिथं?

पदर आत खोचून नेसले. शेजारच्या केसरबाई आल्या, दारातच थांबल्या. "पोपटी? आत्ता?"

"ह्यांनी घेतलीय," म्हटलं.

चहा घेतला, गेल्या. कपबश्या विसळल्या आणि घर पुन्हा तेवढंच मोठं झालं.

१३ ऑक्टोबर

आणखी एक पार्सल! पैसे देऊन तिथंच उंबऱ्यावर फोडलं.

मोटारसायकलला मोबाइल अडकवायचा स्टँड. तोही मोडका.

आमच्याकडं मोटारसायकल नाही. ह्यांना चालवताही येत नव्हती. घ्यायचा विचार होता का? ह्या वयात? मला मागं बसवून कपिलधारला दर्शनाला नेणार होते? दिवसभर तेच मनात. एकटीच हसले सुद्धा.

१४ ऑक्टोबर

रात्री डोळा लागला नाही. मोटारसायकल... नाही, काहीतरी चुकतंय. खोक्यावर एक नंबर आहे. विचारू का, ह्यांनी कधी मागवलं, काय म्हणाले?

१५ ऑक्टोबर

लावला फोन. माणूस लई गोड बोलला. मी म्हटलं, "मला पैसे परत नकोत. एवढंच सांगा, मागवताना काय म्हणले होते ते?"

तो म्हणाला, "हां हां मॅडम, सर बोलले होते ना, मिसेससाठी आहे म्हणून."

मला रडूच आलं. मिसेस! हे मला 'अगं' म्हणायचे, तेवढंच. तरी खरं वाटलं. खरं वाटून घेतलं.

मग म्हणाला, साडी फाटकी ना मॅडम, पैसे परत करतो, सरांच्या मोबाइलवर ओटीपी येईल तेवढा सांगा. ह्यांचा फोन मी रोज चार्ज करून फोटोपुढं ठेवते. कावून, ते माहीत नाही. वाजला. काचेवर आकडे आले. मी वाचायला लागले. दोन आकडे सांगितले, आणि पुढचं वाक्य दिसलं — कुणालाही सांगू नका.

ह्यांनीच ओरडून सांगितल्यासारखं वाटलं.

मी थांबले. तो घाई करायला लागला. "लवकर मॅडम, लवकर!" आवाजातला गोडवा गेला. नंतर म्हणाला, "सरांकडे द्या फोन."

सरांकडे.

फोन ठेवून दिला.

१६ ऑक्टोबर

रुद्राणीला सगळं सांगितलं. लेक लातूरहून फोनवरच तापली. "आई, बाबांनी मागवलेलंच न्हाई ते! नाव, पत्ता, नंबर कुठूनबी फुटतो. सेलमध्ये घरोघर पार्सलं येत असतात. कुणीतरी मागवलं असंल म्हणून लोक पैसे देतात. तेवढ्यावरच चालतंय त्यांचं." १९३० ला, फसवणुकीच्या सरकारी नंबराला, फोन करून तक्रार द्यायला लावली. खोक्यावरच्या नंबराला पुन्हा फोन करायचा नाही म्हणाली.

मग जरा मऊ झाली. "आता कुठलंबी पार्सल आलं तर आधी बाबांच्या खरेदीच्या ॲपमध्ये बघ. तिथं ऑर्डर दिसली तरच घे. फोन उघडायला बोटानं इंग्रजी एल काढ, मीच लावून दिलतं त्यांना."

बरं म्हटलं. पण उघडला नाही. ह्यांच्या माघारी ह्यांचा फोन उघडायचा? हात होत नाही.

साडी घडी घालून ठेवली. फाटकी साडी होती. दुसरं काहीच नव्हतं.

१८ ऑक्टोबर

उद्या-परवा दिवाळी. सगळ्या गल्लीत आकाशकंदील. आपल्या घरी नाही.

दुपारी रामप्रसाद पुन्हा खोकं घेऊन. ह्यांचंच नाव. बघूनच डोक्यात तिडीक गेली. "न्हाई घ्यायचं! घेऊन जा!"

"काकू, ह्याचे पैसे न्हाई द्यायचे. भरलेले हायेत."

"मग लईच मोठी चाल असंल. मेलेल्या माणसाच्या नावावर किती दिवस धंदा करणारेत हे लोक?"

तो बिचारा म्हणाला, "एकदा मोबाइलमध्ये बघता का? मी थांबतो." मी दार लावलं. आतून ऐकत होते. बराच वेळ गाडी सुरू झाली नाही. मग झाली.

बरं केलं. आता मला कुणी फसवणार नाही.

१९ ऑक्टोबर

बरं केलं तर मग जेवण का जात नाही?

२३ ऑक्टोबर

रुद्राणी आली. फोन तिनंच उघडला. पहिली दोन पार्सलं तिथं नाहीतच. तिसरं आहे. गेले त्याच दिवशी सकाळी दुकानात बसून मागवलेलं. खाली लिहिलंय — घेण्यास नकार, परत पाठवले.

बायकांचे चालायचे बूट. पाच नंबर.

मी जन्मात बूट घातले नाहीत. माझ्या पायाचं माप ह्यांनी कधी घेतलं?