लाइपझिगला सई नाही, मी चाललेय

सोम. १८ ऑगस्ट ९७, लोअर हट, न्यूझीलंड
पत्र आलं. मिळालं! युनिव्हर्सिटीच्या एक्सचेंजमधून जर्मनीत, लाइपझिगला, एक सेमिस्टर, मार्चअखेर ते जुलैअखेर. लंच अवरमध्ये फार्मसीच्या मागच्या खोलीत उभ्यानेच फोडलं. बाहेर फ्लूवाल्यांची रांग, आत मी एकटीच हसतेय.

युनि.त फोन केला. उलरिके, आमची जर्मनची ट्यूटर, म्हणाली, सगळ्या अर्जांत तूच वयाने मोठी. म्हटलं, चव्वेचाळीस. आणि व्याकरण तुमच्या पोरांपेक्षा पक्कं.

पुण्यात जर्मनची शेवटची परीक्षा आणि लग्न एकाच आठवड्यात आलं होतं. दोन्हीपैकी काय हललं ते सांगायला नको.

रात्री जेवताना नवऱ्याला, अविला सांगितलं. आमटी वाढून घेत होता, वाटी हातातच राहिली. "चार महिने? आणि इथलं?"
इथलं म्हणजे काय, ते विचारलं. त्याने भात कालवायला घेतला.

गुरु. २१
आज उत्तर आलं. लेकीची, सईची बर्सरी, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा. (ती नोव्हेंबरात. मी निघेपर्यंत ती स्वतःच युनि.त.) माझी नोकरी. (बिनपगारी रजा मिळतेय, विचारून ठेवलंय.) जेवण. (यावर मी नुसतं बघितलं.)

अठ्ठ्याऐंशीत हा एकटा इथे आला, आठ महिने. मी पुण्याला याच्या आईवडिलांजवळ, सई आठ वर्षांची. तेव्हा "आणि इथलं?" असं कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. त्याचाच जास्त राग येतो.

शनि. ३०
इथल्या मराठी मंडळातल्या मोघेवहिनींचा फोन. "सईला थर्मल्स घ्या हं भरपूर. आणि स्टुटगार्टला माझा भाचा आहे, नंबर लिहून घ्या. मुलगी एकटी, ओळखीचं कुणी असलेलं बरं."
वाटलं, वहिनींचा घोळ झाला. दुपारी आणखी एक फोन, असाच. मग मीच वहिनींना उलटा फोन केला, सई चाललीय हे कोण म्हणालं? "अहो, अविनाशच! मी विचारलं, लेक जर्मनीला ना, तर हो म्हणाले."

सई अभ्यास सोडून खाली आली. "मम, व्हाय इज एव्हरीवन टेलिंग मी अबाउट थर्मल्स? आय डोन्ट ईव्हन डू जर्मन."

अवि गराजमध्ये लॉनमोअर पुसत होता. तासभर तेच एक पातं.
"त्यांनीच तसा समज करून घेतला. मी खोडलं नाही, एवढंच."
का नाही खोडलंस?
"मग काय सांगू? बायको चाललीय, नवऱ्याला ठेवून, शिकायला? लोकांना वाटेल घरात काहीतरी बिनसलंय."
म्हटलं, बिनसलं नव्हतं. आत्ता बिनसलं.

बुध. ३ सप्टें.
अबोला. दोघांचाही. सईमार्फत मिठाची बरणी मागितली जाते.
जर्मन क्रियापदं पाठ करतेय, भांडी घासताना, मोठ्याने. मुद्दाम.

रवि. ७
मंडळाचा गणपती. शाळेच्या हॉलमध्ये, नेहमीप्रमाणे. लिहून टाकते, नाहीतर उद्या खोटं वाटेल.

आरती झाली, प्रसादाची रांग लागायच्या आत अध्यक्षांनी माइक घेतला. "आपल्या मंडळाची कन्या, सई, उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जात आहे. श्रीफळ देऊन तिचं कौतुक..." टाळ्या. सई तिसऱ्या रांगेत, लालेलाल. अविकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता. अजूनही वेळ होती, एक वाक्य बोलला असता तर भागलं असतं. नाही बोलला.

मी उठले. खुर्च्यांमधून वाट काढत गेले, साडीचा काठ कुणाच्या तरी पर्समध्ये अडकला, तो सोडवला, मग गेले. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, सईला पाठवा ना." मी हात पुढे केले.
"सई नाही. मी चाललेय. नारळ मला द्या."
माइक चालू होता. अख्ख्या हॉलने ऐकलं.
मागून कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. टाळी एकच वाजली, सईची. मग तिची मैत्रीण. मग थोडे लोक, उरकल्यासारखे.

घरी येताना अविने गाडीत बातम्या लावल्या. मला मात्र आतून इतकं मोकळं वाटत होतं की लाज वाटावी.

मंगळ. ९
मोघेवहिनी, फोनवर, आवाज खाली आणून: "घरी सगळं ठीक ना?"
म्हणजे अवि म्हणाला होता तसंच झालं. मी ठणकावून "उत्तम!" म्हटलं आणि फोन ठेवला.

खरं लिहायचं तर भीती वाटते. वर्गात सगळी विशीतली, माझे उच्चार पुणेरी. ते सोड. परत येईन तेव्हा हे घर असंच असेल का, ही भीती. तरी जाणार. भीती वाटते म्हणून थांबायचं तर मी या देशातही आले नसते.

शुक्र. १९
होकार कळवायची आज शेवटची तारीख. दुपारी फार्मसीतून फॅक्स केला. मशीनने कागद ओढून घेतला, पोचल्याची पट्टी आली. ती पर्समध्ये.

संध्याकाळी अवि आला तसं सांगितलं.
"पाठवलास?"
हो.
"मी नकोच म्हटलं असतं तर?"
तरी पाठवला असता.
बूटसुद्धा न काढता परत बाहेर गेला. गाडीत जाऊन बसलाय. इंजिन बंद. अर्धा तास झाला, ड्राइव्हवेतच आहे.
सई खिडकीशी. "मम, इज ही कमिंग इन?"
माहीत नाही.
पोळ्या झाल्यात. मी बोलवायला जाणार नाही.

फॉर्मवर एक रकाना होता, अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे. सईचं नाव लिहायचं ठरवून बसले होते. लिहिलं अविचं. हे त्याला सांगितलेलं नाही.