गणितातली भट्टी

वडगाव रासाई,
ऑगस्ट २००४

प्रिय अनिस,

तुझं पत्र काल नौशादमामानं आणून दिलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझा राग आला. म्हणे पुण्याचं संशोधन सोडतो आणि सणसवाडीच्या कारखान्यात अब्बांच्या जागेवर लागतो. वर शहाणपणा असा, की अम्मीला एकटीला टाकून कॉम्प्युटरपुढं बसायची लाज वाटते. मी एकटी कुठली? शेजारची सविता रोज येऊन डोकं खाते, शेळी व्यायली आहे. गुडघा दुखतो, पण तो तुझ्या जन्माआधीपासून दुखतोय.

तुझं काम मला कळत नाही असं समजू नकोस. मागच्या ईदला तू ते कॉम्प्युटरचं धूड घरी आणलंस, चालू ठेवलंस, तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाहीस आणि मग दुपारचा झोपलास. तेवढ्यात तिसऱ्या प्रहरची, अस्रची अजान झाली. आपल्याकडं अजान सुरू झाली की रेडिओ, टीव्ही बंद. हेही घुंघुं करत होतं, मी बटण दाबलं. तीन दिवस चाललेलं गणित गेलं! तू कपाळाला हात लावून बसलास आणि मग हसत सुटलास. संध्याकाळी आम्हाला समजावलंस. वाळूत असतं त्या सिलिकॉनची डोळ्याला न दिसणारी भुकटी प्लास्टिकात मिसळायची, आणि ते किती आग सोसतं हे खरं बनवायच्या आधी कॉम्प्युटरमध्येच तापवून बघायचं. मी म्हटलं, चूल न पेटवता भाकरी भाजायचा प्रकार दिसतोय. तुझे अब्बा मात्र हसले नाहीत. हातावरचे भाजल्याचे जुने डाग चोळत त्यांनी एवढंच विचारलं, "मंजी ह्या भट्टीत कुनाचा हात भाजत न्हाई?" तू नाही म्हणालास. "मग ब्येस हाय," म्हणाले आणि जेवायला बसले.

त्यानंतर कारखान्यात भेटेल त्याला सांगत सुटले, माझा पोरगा न जळणारे हातमोजे बनवतोय. तू हातमोजे बनवत नाहीस हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. फार खूश होते रे.

एप्रिलमध्ये कारखान्याच्या भट्टीतला वितळलेला रस त्यांच्या अंगावर उसळला. तू पुण्याहून पोचेपर्यंत दवाखान्यात मीच होते. जाईपर्यंत पाणी मागायचे आणि ओठाला लावलं की मान फिरवायचे. तुला हे सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण तुला ती नुसती नोकरी वाटते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुझं पत्र यायच्या आधीच कारखान्याचे जालिंदर सुपरवायझर घरी येऊन गेले. अब्बांच्या वारसाची जागा महिनाअखेरपर्यंतच राखता येईल म्हणाले. भला माणूस, माझ्या काळजीनंच आला होता. मी चहा दिला आणि सांगितलं, जागा दुसऱ्या कुणाला द्या. तुला विचारलं नाही. भांडायचं असेल तर घरी येऊन भांड. ते म्हणाले, भाभी, पक्की नोकरी आहे, पोराचा विचार करा. मी म्हटलं, पोराला काम आहे. त्याच्या अब्बांना ते पसंत होतं.

तुझीच,
अम्मी